आत्याचे हात पुसट का दिसले?

एकाच चित्रात अर्धा माणूस स्वच्छ आणि अर्धा पुसट दिसू शकतो का? आरशात असं कधी होत नाही. खिडकीतून बघितलं तरी होत नाही. पण त्या गुरुवारी आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर स्वराआत्या आली, तेव्हा तिच्या हनुवटीवरचा तीळ दिसत होता, कानातल्या कुड्यांचे मोतीसुद्धा मोजता येत होते, आणि हात मात्र नव्हते. म्हणजे होते, पण कुणीतरी पिठलं ढवळावं तसं काहीतरी तिच्या छातीपुढे हलत होतं, बस्स.

दुसऱ्या एखाद्या घरात हे चालून गेलं असतं. आमच्या घरात नाही. माझ्या आई-बाबांना आणि आत्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्याकडे बोलणं हातांनी होतं. (मग आत्याचं नाव स्वरा कसं, असं सगळे विचारतात. नाव ठेवलं तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तीच त्यावर सगळ्यात जास्त हसते.) मला ऐकू येतं, तोंडानंही बोलता येतं आणि हातांनीही. त्यामुळे दोन्हीकडची कामं माझ्याच गळ्यात पडतात.

आत्या भूगर्भशास्त्रज्ञ (जमिनीच्या पोटातले दगड आणि थर अभ्यासणारी) आहे. गेले सात महिने ती चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथल्या तळावर राहत होती. तिथून आपल्यापर्यंत संदेश थेट येत नाहीत. मध्ये एक उपग्रह निरोप्याचं काम करतो. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला वाटाण्याएवढा एक खडा त्या उपग्रहाच्या मोठ्या अँटेनावर आदळला आणि अँटेना कामातून गेली. नवी तीन महिन्यांनी जाणार होती. तोवर छोट्या अँटेनावर भागवायचं. तळावरच्या प्रत्येकाला घरच्यांशी बोलायला आठवड्यातून सहा मिनिटं, तीही अगदी बारीक वाटेनं.

आणि आदल्याच दिवशी, बुधवारी, मला भाऊ झाला होता.

बाराव्या दिवशी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, त्याचं बारसं होतं. आमच्या घरात बारशाला बाळाच्या कानात कुर्र करत नाहीत. आत्या त्याचं खुणेचं नाव ठेवते. खुणेचं नाव म्हणजे हातानं मारायची हाक. माझ्या गालाला खळी पडते, म्हणून तर्जनी गालात रुतवून एकदा फिरवली की ती मी, केतकी. हे नाव माणसाकडे बघूनच ठेवायचं असतं. ते आधी ठरवून पाठवत नाहीत, फोटोवरून ठेवत नाहीत, आणि कागदावर तर ते लिहिताच येत नाही. पाळण्यासमोर, सगळ्यांदेखत, बाळ हलताना बघून आत्यानं ते पहिल्यांदा करायचं. बाबांचं त्यांच्या आत्यानं केलं होतं, माझं स्वराआत्यानं.

तिचे हातच दिसले नाहीत तर माझा भाऊ तीन महिने बिननावाचा राहणार होता. कागदावर काय वाट्टेल ते लिहा, पण आईच्या हातात त्याच्यासाठी हाक नसणार, याचं मला फार वाईट वाटलं. मी तशीच वरच्या मजल्यावर गेले.

वर मंजूआजी राहतात. म्हणजे मंजिरी प्रभुदेसाई. पस्तीस वर्षं त्यांनी अंतराळातल्या संदेशांवर काम केलं, आणि तळावरून येणारा व्हिडिओ ज्या आज्ञावलीतून (संगणकाला दिलेल्या सूचनांच्या यादीतून) येतो, ती त्यांच्याच गटानं लिहिली होती. आता निवृत्त होऊन साताऱ्याच्या उन्हात गच्चीवर बसतात आणि सगळ्यांवर खेकसतात. त्या दिवशी त्या सुपात घेवडा पाखडत होत्या.

"आजी, तुमची आज्ञावली बिघडलीय," मी म्हटलं.

"माझं काही बिघडत नाही. लोक बिघडवतात," त्या म्हणाल्या. "बस. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. त्यांचं सूप हळूहळू थांबलं.

"तुझे बाबा त्या निपाणीच्या मित्राशी बुद्धिबळ खेळतात ना? कसे खेळतात?"

"मेसेजवर."

"दर खेळीला अख्ख्या पटाचा फोटो पाठवतात?"

"छे! घोडा इथून तिथं, एवढंच लिहितात. पट दोघांकडेही मांडलेला असतोच की."

"झालं. निम्मं संक्षेपण तुला येतं," आजी म्हणाल्या. "संक्षेपण म्हणजे तीच गोष्ट कमी माहितीत सांगणं. आता मला सांग, व्हिडिओत हलतं काय?"

"चित्र."

"चित्र हलत नाही. स्थिर चित्रं असतात, एका सेकंदात पंचवीस, एकामागून एक. ती इतक्या भरभर बदलतात की डोळा फसतो. एकेक चित्र समजा तीन लाख ठिपक्यांचं. या ठिपक्यांना चित्रबिंदू म्हणतात. एका ठिपक्याचा रंग सांगायला चोवीस बिट लागतात (बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा दाणा, एक तर शून्य, नाही तर एक). कर गुणाकार. तोंडी कर, मनगटावरच्या त्या घड्याळाला विचारू नकोस."

मी बोटांवर मोजत गुणाकार केला. एका चित्राला बहात्तर लाख. पंचविसांना अठरा कोटी. "दर सेकंदाला अठरा कोटी बिट?"

"आणि त्या छोट्या अँटेनावरून तुमच्या वाट्याला येतात सेकंदाला तीस हजार."

अठरा कोटींना तीस हजारांनी भागलं तर सहा हजार येतात. म्हणजे सहा हजारांतला एक दाणा ठेवायचा, बाकीचे टाकून द्यायचे, आणि तरी आत्या आत्यासारखी दिसली पाहिजे. मला ते अशक्यच वाटलं.

"अशक्य नाही, कारण दोन चित्रांमध्ये फारसा फरकच नसतो," आजी म्हणाल्या. "पहिलं चित्र पूर्ण पाठवायचं. तो झाला मांडलेला पट. मग फक्त फरक पाठवायचा. मागची भिंत तशीच? मग तिच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आत्यानं मान डावीकडे केली? मग नवी मान पाठवायची नाही. हा चौकोन इतका डावीकडे सरकला, एवढंच सांगायचं."

"घोडा इथून तिथं."

"शाबास. पण एवढं करूनही सहा हजार पट कमी होत नाही. मग शेवटची पायरी येते, ती ही." त्यांनी सूप उचलून झटका दिला. फोलपटं उडाली, दाणे राहिले. "डोळ्याला ज्याची उणीव भासणार नाही ते उडवून द्यायचं. केसांमधले बारकावे, पडद्यावरची नक्षी, सावल्यांमधले सूक्ष्म रंग. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

"पण आजी, दाणा कुठला आणि फोल कुठलं हे कोण ठरवतं?"

मंजूआजींनी सुपातला एक दाणा उचलून बोटांत फिरवला. मला वाटलं, चिडल्या.

"मी ठरवलं," त्या शेवटी म्हणाल्या. "आम्ही हजारो लोकांना गप्पांचे व्हिडिओ दाखवले आणि कुठं पुसट झालं तर चालेल, असं विचारलं. सगळे म्हणाले, चेहरा हवा. बोलताना हात भराभर हलतात, त्यांचे फरक पाठवायला सगळ्यात जास्त बिट लागतात, आणि ते पुसट झाले तर कुणाची तक्रार नव्हती. मग आम्ही हात उडवले. मोठं बक्षीसही मिळालं त्याबद्दल." त्यांनी सूप खाली ठेवलं. "त्या हजारोंमध्ये तुझ्या बाबांसारखं एकही माणूस नव्हतं, केतकी. मी बोलावलंच नाही. सुचलंच नाही मला."

एवढ्या हुशार बाईंना एवढी साधी गोष्ट सुचू नये, याचा मला राग आला. आणि त्या इतक्या सरळ कबूल करत होत्या, म्हणून तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

आज्ञावलीत 'महत्त्वाचा नकाशा' म्हणून एक छोटा भाग असतो. चित्रातल्या कुठल्या भागावर किती बिट खर्च करायचे, ते त्यात लिहिलेलं असतं. तो बदलून तळावर पाठवायला आजींना त्यांच्या जुन्या गटाकडून परवानगी मिळाली. शुक्रवारी बाबा आणि त्यांचे दोन मित्र वर आले. तिघांनाही ऐकू येत नाही. आजींनी त्यांना खुणांच्या गप्पांचे व्हिडिओ दाखवले आणि एका कॅमेऱ्यानं त्यांची नजर कुठं जाते ते टिपलं. त्यावरून नवा नकाशा तयार झाला. वेळ कमी होता, म्हणून घरी तपासत न बसता तो आम्ही तडक चंद्रावर धाडला.

रविवारी त्या आठवड्याची उरलेली चार मिनिटं वापरून आत्याला बोलावलं. तिच्या भुवयांचा एकेक केस दिसत होता. हात आधीपेक्षाही वाईट.

"हे कसं शक्य आहे?" आजी पुटपुटल्या. त्यांनी नजरेची नोंद पुन्हा पुन्हा पाहिली. तिन्ही माणसं सगळा वेळ हातांकडे नव्हे, चेहऱ्याकडेच बघत होती.

मग मी एक गोष्ट केली, जी खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. बाबांनाच विचारलं. "मी बोलते तेव्हा तुम्ही माझे हात बघत नाही का?"

बाबा हसले. त्यांचे हात सावकाश बोलू लागले. "तुझा चेहरा बघतो. तू चिडलीयस, विचारतेयस की थट्टा करतेयस, ते चेहऱ्यावर असतं. हात मला त्याच्या कडेनं दिसतात. तू सायकल चालवतेस तेव्हा हँडलकडे बघतेस का? रस्त्याकडे बघतेस. पण हँडल हललं की तुला लगेच कळतं. कळतं ना?"

मी हे आजींना तोंडानं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "नजर आणि लक्ष एकच समजले मी! माणूस बघतो एकीकडे आणि त्याला दिसतं दुसरीकडेही. म्हणजे कुठं बघता हा प्रश्नच चुकीचा होता." त्या उठून येरझाऱ्या घालू लागल्या. "काय झाकलं तर तुमचं अडतं, हे विचारायला हवं होतं."

तो पुढचा आठवडा मला फार आवडला. शाळा सुटली की मी वर पळायची. एव्हाना आई बाळाला घेऊन घरी आली होती. तीही त्याला मांडीवर घेऊन वर येऊन बसायची. आजी व्हिडिओतलं एकेक काहीतरी बिघडवायच्या आणि आई-बाबांना विचारायच्या, कळलं का? मी मध्ये बसून सगळं इकडून तिकडे पोचवत होते. मागची भिंत पुसली: कळलं. कपड्यांची नक्षी पुसली: कळलं. रंग अर्ध्याहून कमी केले: तरी कळलं. हातांवरच्या रेषा, नखं, बांगड्या गेल्या, तरी अडलं नाही. पण सेकंदाला पंचविसाऐवजी दहा चित्रं केली, की आई लगेच मान हलवायची. "हात उड्या मारतो. मधलं वाक्य हरवतं." बोटांच्या कडा पुसट केल्या की दोघं अडायचे. आणि भुवया झाकल्या तर प्रश्न आहे की नुसतं सांगणं आहे, तेच समजेना, कारण आमच्या भाषेत प्रश्नचिन्ह भुवयांवर असतं.

"बघ," आजी म्हणाल्या, "कानातले मोती पाठवायला जेवढे बिट लागतात, तेवढ्यात पाचही बोटांच्या कडा येतात. एक बिटही जास्त लागत नाही. वाट तेवढीच बारीक, फक्त तिच्यातून काय न्यायचं ते बदललं. कार्यक्षमता (कमी साधनांत जास्त काम करून घेणं) म्हणतात ती हीच. आणि मी तीस वर्षं समजत होते की ती नुसती आकडेमोड आहे."

या वेळी घरी शंभर वेळा तपासून, शनिवारी आम्ही नकाशा पाठवला. तोच आमच्या घरच्या कॅमेऱ्यातही बसवला, कारण आत्यालाही आमचे हात दिसायला हवे होते.

रविवारी घर माणसांनी भरलं. बाबांच्या मित्रांची कुटुंबं, आईच्या माहेरची माणसं, शेजारी. पाळण्याला झेंडूच्या माळा, दारात घुगऱ्यांचं पातेलं. निम्मी माणसं तोंडानं बोलत होती, निम्मी हातांनी, आणि आईच्या मावशी सगळ्यांना सांगत होत्या, "नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आता ही पाठ चंद्रावर! घालणार कुठं?"

बरोबर अकरा वाजता पडदा उजळला. आत्या आली. जरा फिकट, मागे नुसती करडी भिंत, कुड्यांच्या जागी दोन ठिपके. आणि तिनं हात वर केले.

दहा बोटं. सगळी दिसली. "काय गं, खळी!" ती म्हणाली, आणि मला एकदम रडूच आलं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मंजूआजी कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांना आमची भाषा येत नाही, पण त्या डोळे मोठे करून आत्याच्या बोटांकडे बघत होत्या.

सगळे एकदम हात हलवून आत्याला काही ना काही सांगू लागले. चंद्रापर्यंत जाऊन यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात, त्यामुळे तिची उत्तरं उशिरा यायची आणि हशा पिकायचा. अशी चार मिनिटं गेली. मग आत्यानं हात पुसल्यासारखे झटकले आणि म्हणाली, "बाळ दाखवा. पाळणा दिसतोय का कुठं? मला त्या जागी नुसता केशरी डाग दिसतोय."

मी कॅमेरा पाळण्याजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवला. तीन सेकंद वाट पाहिली. "अजून डागच," आत्याचे हात म्हणाले.

मग मला कळलं. आमच्या नव्या नकाशाला चेहरा हवा होता, बोलणारे हात हवे होते. दुपट्यात गुंडाळलेलं, कुंचीत अर्धं तोंड झाकलेलं झोपलेलं बाळ त्याच्या लेखी मागची भिंत होतं. फोल! आत्या बाळाकडे बघून नाव ठेवणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आठवडाभर तिच्या हातांच्या नादात मला ते सुचलंच नाही. अगदी आजींसारखंच.

"आजी, नकाशा बदला!"

"दोन मिनिटांत? शक्य नाही." आजी घाईनं पुढे आल्या. "पण थांब. तीस हजार बिट आत्ता जातायत कुठं?"

मी पाळण्याच्या मागे, कॅमेऱ्यात येणाऱ्या घोळक्याकडे बघितलं. तीस-पस्तीस माणसं होती, साठ-सत्तर हात, सगळे बोलणारे, माळा हलत होत्या, पंखा गरगर फिरत होता. एकूण एक फरक चंद्रावर चालला होता.

"हलू नका!" मी ओरडले, आणि तेच हातांनीही म्हणाले. "कुणीच हलू नका! हात खाली!"

बाबांना क्षणात कळलं. त्यांनी पंखा बंद केला, दोन्ही हातांनी सगळ्यांना थोपवलं आणि स्वतः खांबासारखे उभे राहिले. घर थिजलं. मावशींचा घुगऱ्यांचा घास तोंडाशी तसाच राहिला. माळा डुलत डुलत थांबल्या. आता सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि रिकामे झालेले बिट, दुसरं काम नाही म्हणून, पाळण्याकडे वळले. पडद्यावर आत्या पुढे झुकली. "दुपटं दिसायला लागलं," ती म्हणाली. मग, "कुंची." मग तिचे हात हवेत थबकले. "नाक! दादाचं नाक!"

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बिट खर्च झाले असते.

तेवढ्यात बाळानं झोपेतच, हनुवटीखालची मूठ उघडली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग पुढचं, एकेक करून, फार सावकाश. अख्ख्या घरात तेवढीच एक गोष्ट हलत होती, आणि आमची सगळीच्या सगळी वाट त्या एका हाताला मिळाली होती.

तीन सेकंद गेले. आत्याचा चेहरा बदलला. तिनं आपली मूठ हनुवटीखाली नेली आणि करंगळीपासून एकेक बोट उघडलं. पुन्हा एकदा, आमच्याकडे बघत, तसंच केलं. माझ्या भावाचं नाव ठेवलं गेलं होतं.

आणि मग कुणालाच राहवेना. आईनं ते नाव केलं, बाबांनी केलं, मी केलं, बाबांच्या मित्रांनी केलं, बघून बघून मावशींनीही केलं. साठ-सत्तर मुठी एकदम उघडल्या. तिकडे पडद्यावर आत्या मागे झाली आणि पोट धरून हसू लागली. "काय करताय सगळे एकदम? मला नुसते चौकोन दिसतायत! रंगीबेरंगी चौकोन!" मग डोळे पुसत म्हणाली, "राहू द्या. कळलं मला." आणि आमची सहा मिनिटं संपली.

पंखा पुन्हा सुरू झाला, घुगऱ्या वाटल्या गेल्या. मंजूआजी मला म्हणाल्या, "उद्या वर ये. तळावर आणखी तीस माणसं आहेत. नकाशा प्रत्येकाला आपापला बदलता येईल असं काहीतरी करू. पण आधी एकेकाला विचारायचं, तुला तिकडून काय बघायचं असतं म्हणून. कुणाला बाग बघायची असेल, कुणाला कुत्रं."

मग त्या पाळण्यापाशी गेल्या. वाकल्या. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली आहेत. त्यांनी मूठ कशीबशी हनुवटीखाली नेली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "करंगळी आधी ना गं?"

"हो," मी म्हटलं. "आणि सावकाश."